बोरमाळ उकळू नका! जुन्या दागिन्यांबद्दल तुमचे प्रश्न

लग्नसराई जवळ आली की लॉकरमधले डबे घरी येतात आणि आमच्याकडे पत्रांचा, मेसेजचा ढीग लागतो. यावेळचे प्रश्न वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, दागिना चकचकीत करायची घाई सगळ्यांना आहे पण तो दागिना सोन्याशिवाय अजून कशाकशाचा बनलाय हे फारसं कुणी बघत नाहीये. सोन्याला सहसा काही होत नाही हो. होतं ते आतल्या लाखेला, दोऱ्याला, मोत्याला, खड्याखालच्या पत्र्याला. म्हणून आधी दागिना उजेडात नीट बघा, मागून बघा, भोकाजवळ बघा, आणि मग पाण्याला हात लावा.

प्रश्न: आजेसासूबाईंची बोरमाळ माझ्याकडे आलीये. मणी खूप मळकट झालेत. एका व्हिडिओत सांगितलं की रिठे आणि हळद घालून पाण्यात दहा मिनिटं उकळायची, मग टूथपेस्टनी घासायची. करू का? (सातारा)

उत्तर: नका करू ताई, प्लीज. यातली प्रत्येक स्टेप बोरमाळेला मारक आहे.

बोरमाळेचा मणी भरीव नसतो. सोन्याचा अगदी पातळ पत्रा गोल करून मणी घडवतात आणि तो दाबला जाऊ नये म्हणून आत लाख भरतात. लाख उकळत्या पाण्याच्या खूप आधीच मऊ पडते, म्हणजे तुम्ही दहा मिनिटं उकळलंत तर ती भोकातून बाहेर यायला लागेल, दोऱ्याला चिकटेल, शेजारच्या मण्यावर पसरेल आणि आतून पोकळ झालेला मणी पुढच्या वेळी बोटानी जरा दाबला तरी चेपेल. मग चेपलेला मणी सरळ करायला सोनाराला तो उघडावा लागतो, उरलेली लाख काढावी लागते, आतून उचलून परत भरावा लागतो, आणि इतक्या पातळ पत्र्यावर हे सगळं करताना मणी फाटूही शकतो. भोकाच्या कडेला तपकिरी किंवा लालसर काही दिसतंय का बघा, ती लाख. मोहनमाळेचे पोकळ मणी, मंगळसूत्राच्या वाट्या, लाखेचे गोठ आणि तोडे, कोल्हापुरी साजाच्या पानड्या म्हणजे नक्षीची छोटी पदकं, या सगळ्यांना हेच लागू.

टूथपेस्टचं म्हणाल तर त्यात दात घासायला बारीक खरखरीत पूड घातलेली असते. २२ कॅरेट सोनं मऊ, त्यावर हे घासलं की बारीक बारीक चरे पडतात, आणि जुन्या दागिन्यावरची ठशाची नक्षी उथळ होत जाते. ती परत येत नाही. हळदीनं सोनं पिवळंधमक दिसतं खरं पण तो हळदीचा रंग आहे, आणि तो दोऱ्यात जाऊन बसतो.

मग करायचं काय? दोनचार रिठे रात्री कोमट पाण्यात भिजत घाला, सकाळी कुस्करून ते पाणी फडक्यातून गाळून घ्या. रिठे नसतील तर वाटीभर कोमट पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे एकदोन थेंब पुरेत. कोमट म्हणजे बोट आरामात ठेवता येईल इतकंच. बोरमाळ त्यात बुडवायची नाही. टेबलावर जुना टॉवेल, त्यावर परात, परातीत बोरमाळ, आणि लहान बाळाचा मऊ ब्रश पाण्यात बुडवून झटकून एकेक मणी हलक्या हातानं पुसायचा. मग साध्या पाण्यात पिळलेल्या सुती फडक्यानं दोनदा पुसून घ्यायचं म्हणजे साबण राहत नाही. बेसिनवर हे काम कधीच करू नका, दोरा जुना आहे, कधी तुटेल सांगता येत नाही आणि मणी पाईपात गेला की गेला.

वाळवायची पंख्याखाली, उन्हात नाही, ड्रायरनी तर अजिबात नाही. दोरा आतून पूर्ण सुकेपर्यंत डब्यात ठेवू नका आणि गळ्यातही घालू नका, ओला दोरा ताणला जातो आणि कुजतोही. आणि मळ जर मण्यांवर नसून दोऱ्यातच असेल, तो काळा पडला असेल, मण्यांमध्ये फटी दिसत असतील, तर धुण्यात वेळ घालवू नका, सरळ पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठून देणाऱ्याकडे जाऊन बोरमाळ नव्यानं गाठून घ्या. या कामाचा खर्च दागिन्याच्या किमतीपुढे काहीच नसतो, आणि मणी सुटे झाले की प्रत्येक मणी भोकापर्यंत नीट पुसता येतो हा फायदा वेगळाच.

प्रश्न: पणजीची नथ आहे, मोती बसराचे आहेत असं घरात म्हणतात. आता पिवळसर दिसतात. हायड्रोजन पेरॉक्साईडनी पांढरे होतात का? आणि सोनार म्हणतात की दोन मोती खराब झालेत, सगळेच नवीन एकसारखे घालून देतो, छान दिसेल. (पुणे)

उत्तर: आधी दुसऱ्या भागाचं सांगते कारण ते जास्त अर्जंट आहे. सगळे मोती बदलायला हो म्हणू नका!

बसरा मोती म्हणजे पर्शियन आखातात पाणबुडे समुद्रतळाशी जाऊन काढायचे ते नैसर्गिक मोती, बसरा बंदराच्या व्यापारामुळे आपल्याकडे ते नाव रूढ झालं आणि मुंबई ही त्यांची फार मोठी बाजारपेठ होती. पुढे जपानमध्ये मिकिमोतोनं शिंपल्यात मोती वाढवायचं तंत्र यशस्वी केलं, त्याचा पहिला अर्धगोल मोती १८९३ चा, आणि १९२०-३० च्या दशकांत कल्चर्ड मोत्यांनी बाजार भरला. त्यात जागतिक मंदी आली, आखातात तेल सापडलं, आणि मोत्यांचा तो जुना धंदा जवळजवळ संपला. त्यामुळे तुमच्या नथीतले मोती जर खरंच त्या काळातले असतील तर तसे मोती आज सहज मिळत नाहीत. थोडे वेडेवाकडे, थोडे लहानमोठे, एखाद्याची झळाळी कमी, हे त्यांचं असणंच आहे. दोन मोती खरोखर तडकले असतील तर तेवढेच दोन बदला, आणि काढलेले दोन्ही परत मागून घ्या.

मोती खरा की खोटा हे दाताला घासून कळतं असं म्हणतात, त्यातून फार तर काचेचा किंवा प्लास्टिकचा नकली मोती ओळखता येईल, पण समुद्रात आपोआप बनलेला आणि शेतीत वाढवलेला दोन्ही दाताला सारखेच खरखरीत लागतात. तो फरक रत्नपरीक्षण लॅबमध्ये एक्सरे काढूनच कळतो. नथीचं पुढे काही मोठं काम करायच्या आधी ते करून घ्या.

आता पिवळेपणा. मोती हा दगड नाही, कॅल्शियम कार्बोनेटचे अतिपातळ थर आणि त्यांना धरून ठेवणारं प्रथिन असा तो सजीवानं बनवलेला पदार्थ आहे. वयानुसार ते प्रथिन पिवळं पडतं, शिवाय घाम, तेल, फाउंडेशन, सेंट हे सगळं शोषलं जातं. पेरॉक्साईड लावलंत तर रंग कदाचित थोडा उतरेल पण थर कोरडे आणि ठिसूळ होतील, झळाळी जाईल, आणि ती एकदा गेली की पॉलिश करून आणता येत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचं तर नाव काढू नका, आम्लात मोती चक्क विरघळतो. रिठ्याचं पाणीही किंचित आम्लधर्मी असतं म्हणून मोत्यांना मी तेही सांगत नाही. साधं स्वच्छ पाणी, त्यात बुडवून घट्ट पिळलेलं मलमलीचं फडकं, एकेक मोती पुसा, लगेच कोरड्या फडक्यानं टिपा. बस. पिवळेपणा राहील, मळ जाईल.

आणि नथ घालायची ती मेकअप, पावडर, सेंट, हेअरस्प्रे सगळं झाल्यावर शेवटी, काढायची सगळ्यात आधी, आणि काढली की पुसूनच डब्यात. नथीची तार मात्र बदलायला काहीच हरकत नाही, उलट जुनी तार झिजून बारीक झाली असेल तर बदलाच, ती तुटली तर मोती सांडतील. सोनाराकडे द्यायच्या आधी नथीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मोती मोजा, रंगीत खडे मोजा, आणि तो आकडा पावतीवर लिहून घ्या.

प्रश्न: दारावर दागिने उजळून देणारी दोन मुलं येतात. आमच्या शेजारच्या काकूंचं कडं अगदी लख्ख करून दिलं, पैसेही फार घेतले नाहीत. द्यावं का? (अहिल्यानगर)

उत्तर: नाही. शेजारच्या काकूंना सांगा की कडं आजच वजन करून घ्या.

नायट्रिक ॲसिड एक भाग आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड तीन भाग असं मिश्रण केलं की त्यात सोनं विरघळतं. तुमच्यासमोर दागिना त्यात बुडवतात, वरचा थर निघतो, आतलं ताजं सोनं दिसतं म्हणून लख्ख वाटतं, आणि विरघळलेलं सोनं त्यांच्या भांड्यात राहतं, जे नंतर त्यातून परत काढता येतं. अजून एक प्रकार म्हणजे डब्यात हळद-पाणी घालून दागिना ठेवल्यासारखं करतात, अर्धा तास उघडू नका म्हणतात, आणि उघडल्यावर डबा रिकामा. अशी माणसं दारात आली तर दार लावून घ्या आणि ११२ वर फोन करा, विशेषतः घरात एकटे आजी-आजोबा असतील तर त्यांना हे आधीच समजावून ठेवा.

प्रश्न: आईचं लग्न १९६४ चं. तिच्या पाटल्या मोडायला नेल्या तर सराफ म्हणाले सोनं खूप हलकं आहे, १४ कॅरेट. आई तेव्हापासून गप्प आहे, तिला वाटतंय आमच्या आजोबांना सोनारानं फसवलं. असं होतं का तेव्हा? (नाशिक)

उत्तर: तुमच्या आईंना हे उत्तर वाचून दाखवा, मी मुद्दाम सविस्तर लिहितेय.

१९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची ओढाताण होती, सोन्याची तस्करी चालू होती, आणि जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सरकारनं सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. त्यात १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायलाच बंदी होती! म्हणजे त्या काळात कायदा पाळणारा सोनार मुलीच्या लग्नासाठी नव्या पाटल्या घडवायचा तर त्या १४ कॅरेटच्याच घडवणार. या नियमांनी देशभरातल्या हजारो सोनारांचं काम बंद पडलं, फार हाल झाले त्यांचे. १४ कॅरेटची ती अट नंतर काही वर्षांतच उठली, पण सोन्यावरचं एकूण नियंत्रण १९६८ च्या कायद्यानं चालूच राहिलं आणि तो कायदा रद्द झाला थेट १९९० मध्ये.

तेव्हा १९६४ च्या पाटल्या १४ कॅरेट निघाल्या यात फसवणूकच झाली असं मानायचं काही कारण नाही, उलट त्या सोनारानं नियम पाळला असणंच जास्त शक्य आहे. १४ कॅरेट म्हणजे शंभरात साधारण ५८ भाग सोनं, बाकी तांबं आणि चांदी. तरी तोंडी सांगण्यावर थांबू नका, बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) मान्यता असलेल्या हॉलमार्किंग सेंटरवर जाऊन तपासणी करून घ्या, थोडी फी घेतात आणि रिपोर्ट देतात. एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या मशीनवर दागिना कापावा लागत नाही, फक्त ते मशीन वरवरचाच थर वाचतं, त्यामुळे पाटलीवर नंतर कधी मुलामा दिला असेल तर आकडा चुकू शकतो, हे तिथे आधीच सांगा.

आणि एक विनंती, मोडू नका त्या. १४ कॅरेट सोनं २२ पेक्षा कडक असतं म्हणून अशा पाटल्यांची नक्षी बऱ्याचदा छान टिकलेली असते. तांबं जास्त असल्यानं त्या लवकर काळवंडतात, त्याला कोमट साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. ब्लीच आणि स्विमिंग पूलच्या पाण्यापासून मात्र लांब ठेवा, क्लोरीन कमी कॅरेटच्या सोन्यावर आणि त्याच्या जोडांवर जास्त परिणाम करतं.

प्रश्न: सासूबाईंचा कोल्हापुरी साज आहे, दोन पानड्यांच्या कड्या तुटल्यात आणि एक पानडी चेपलीये. सोनार म्हणतात दुरुस्तीत राम नाही, वितळवून नवीन करू, वहीत ५ तोळे लिहिलेत तर तेवढ्यात बसेल. काय करू? (बेळगाव)

उत्तर: दुसऱ्या कारागिराला दाखवा, जमलं तर कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत. बेळगावहून काही लांब नाही, आणि साजाचं काम तिथल्या हातांना जितकं माहीत आहे तितकं इतर ठिकाणी क्वचित.

कडी तुटणं हे मोठं काम नाही. नवीन कडी करून तिला डाग द्यायचा, म्हणजे धातू वितळवून जोड द्यायचा, झालं. पण प्रश्न हा की पानडीत लाख आहे आणि डाग द्यायला ज्योत लागते, जिथे कित्येकशे डिग्री तापमान असतं. चांगला कारागीर आधी लाख काढतो, मग डाग देतो, मग नवी लाख भरतो. घाई करणारा तसाच ज्योत मारतो आणि लाख उकळून नक्षी फुगते नाहीतर फाटते. तेव्हा सरळ विचारा, दादा लाख काढून डाग देणार की तशीच? उत्तर देताना चाचरला तर साज उचला आणि निघा. मोठ्या शहरांत आता लेझर वेल्डिंग मिळतं, त्यात उष्णता अगदी एका टिंबावर पडते, म्हणून लाख किंवा खडा जवळ असेल तिथे ते फार उपयोगी. दुसरं विचारायचं ते डागाचं सोनं कुठलं. आधी केडीएमचा डाग खूप चालायचा, म्हणजे कॅडमियम मिसळलेला, त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना भयंकर घातक आहे. कॅडमियम नको आणि डाग दागिन्याच्याच कॅरेटच्या जवळपासचा हवा, एवढं स्पष्ट सांगा.

आता त्या ५ तोळ्यांचा हिशोब करा, कारण इथेच घोळ होतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. वहीतले ५ तोळे जुने असतील तर ते ५८ ग्रॅमच्या वर होतात, ५० नाही! शिवाय वहीतलं वजन लाखेसकट आहे की निव्वळ सोन्याचं हेही बघायला हवं. दुरुस्तीला देताना तुमच्यासमोर काट्यावर वजन करा आणि पावतीवर लाखेसकट वजन, पानड्यांची आणि मण्यांची संख्या, कुठली कडी तुटलीये, कुठली पानडी चेपलीये असं सगळं लिहून घ्या. परत घेताना वजन थोडं बदलेल, नवी लाख, नवी कडी, डाग, पण ते का बदललं हे कारागिराला सांगता यायला हवं.

वितळवण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. साजाची पानडी ठशावर हातानं घडवलेली असते, मासा, कमळ, कासव असे तिचे आकार, प्रत्येक घराण्याच्या सोनाराचे ठसे वेगळे, त्यातले कित्येक ठसे आज कुणाकडेच नाहीत. वितळवलंत तर जुनी घडणावळ शून्य, लाखेचं वजन वजा, घट वजा, आणि नव्याची मजुरी आणि ३ टक्के जीएसटी वर, म्हणजे पैशाच्या हिशोबानंही तुमचाच तोटा. चेपलेली पानडी नीट होत नसेल तर तशीच राहू द्या, कुणाला दिसतेय ती गळ्यात! आणि हो, काम झाल्यावर कारागीर सवयीनं सगळ्या साजाला पॉलिश मारतात, मशीनच्या चाकावर धरतात, त्यात सोनं झिजतं आणि नक्षीच्या कडा गोल होतात. आधीच बजावून सांगा, पॉलिश नको, फक्त डागाची जागा साफ करा. पावतीवरही लिहून घेतलंत तर उत्तम.

प्रश्न: चांदीचे पैंजण, जोडवी, आजोबांचा करदोटा सगळं काळंकुट्ट झालंय. ॲल्युमिनियम फॉईल आणि सोड्याची ट्रिक चांगली की वाईट? (हुपरीजवळचं गाव)

उत्तर: चांगली आहे, पण सगळ्यांना नाही.

चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदी आणि हवेतल्या गंधकाच्या वायूचं संयुग. फॉईल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी एकत्र आलं की गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागेवरच परत चांदी होते. घासून काढलं तर त्या थराबरोबर चांदीही जाते, इथे ती जात नाही, म्हणून साध्या, भरीव, बिनखड्याच्या वस्तूंना ही पद्धत बरी. तुमची जोडवी आणि करदोटा चालतील, वस्तू फॉईलला टेकलेली असली पाहिजे, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात करा, कुजक्या अंड्यासारखा वास येईल तो गंधकाचाच, खिडकी उघडी ठेवा. नंतर भरपूर साध्या पाण्यात धुवून एकदम कोरडं करा.

पैंजणाचं मात्र थांबा. घुंगरं पोकळ असतात, आत सोड्याचं पाणी अडकतं आणि नंतर आतूनच खराबी सुरू होते. मीना असेल, खडा असेल, काही चिकटवलेलं असेल तर नाही. आणि मुद्दाम काळा ठेवलेला नक्षीचा खोलगट भाग असेल तर अजिबात नाही, तो काळेपणाच नक्षी उठवून दाखवतो, तो गेला की पैंजण सपाट दिसेल. पैंजणाला चांदीचं मऊ पॉलिशिंग फडकं मिळतं त्यानं फक्त वरवरचा भाग पुसा. चांदी बुडवून उजळायचं बाजारातलं बाटलीतलं डिप मोत्या-पोवळ्याजवळ नेऊ नका, त्यात आम्ल असतं. भांड्यांची पावडर दागिन्यांना नाही म्हणजे नाहीच. रबरबँड, लोकर, कांदा, अंडी यांच्यातून गंधक सुटतं, तेव्हा चांदी रबरबँडनं बांधून स्वैपाकघराच्या कपाटात ठेवली तर ती काळी होणारच.

प्रश्न: आमच्याकडे कुंदन-मीन्याचा हार आहे, आजी राजस्थानकडून आणलेला म्हणायच्या. एक खडा आतून काळा दिसतोय. पाण्यात धुतला तर जाईल? (इंदूर)

उत्तर: पाण्यामुळेच झालंय ते बहुतेक. कुंदनाच्या घरात मागे लाख, त्यावर चकाकीसाठी पातळ चकचकीत पत्रा, त्यावर खडा, आणि कडेनं शुद्ध सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला असतो. फटीतून पाणी, घाम किंवा सेंट आत गेलं की तो पत्रा काळवंडतो आणि खडा मेलेला दिसतो. बाहेरून कितीही पुसा, जाणार नाही. जडाईचं काम करणाऱ्याकडेच द्या, तो तेवढाच एक खडा उचलून पत्रा बदलून परत बसवेल. मागचा मीना म्हणजे काच आहे, ज्योत किंवा गरम-थंड लागलं की तडकते. घरी फक्त कोरडा मऊ मेकअप ब्रश. अल्ट्रासोनिक मशीन कुठल्याच दुकानात लावू देऊ नका, पाचूलाही नाही, बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल भरलेलं असतं ते निघून जातं आणि सगळ्या भेगा दिसायला लागतात.

प्रश्न: एक ग्रॅमचे जुने दागिने आणि आईचे गिलिटाचे हार काळे पडलेत, रिठ्यात घालू? (लातूर)

उत्तर: नको. वरचा सोन्याचा थर इतका पातळ असतो की घासला की खालचं पितळ दिसतं. कोरड्या फडक्यानं पुसा. थर गेलाच असेल तर नवा मुलामा देऊन मिळतो.

प्रश्न: न्यू जर्सीला राहते. आईनं दिलेली ठुशी घालताना तुटली, मणी सगळीकडे. इथला ज्वेलर म्हणतो स्टीलच्या वायरमध्ये ओवून गाठींना इन्स्टंट ग्लू लावून देतो. ठेवायची कशी हेही सांगा, पुढच्या वर्षी भारतात येतेय.

उत्तर: वायर नको, ग्लू तर नकोच. ठुशीचे मणी एकमेकांना अगदी चिकटून ठासून बसवलेले असतात, स्टीलची वायर मण्यांची मऊ भोकं आतून कापत जाते आणि वायर वळत नसल्यानं ठुशी गळ्यावर बसतही नाही. ग्लू नंतर काढायला ॲसिटोन लागतं, मधे मोती किंवा लाख असेल तर त्याचं नुकसान.

मणी शोधायला खोलीत अंधार करा आणि टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा, सोनं लगेच चमकतं. व्हॅक्युम वापरावाच लागला तर नळीच्या तोंडाला पातळ मोजा बांधा. सगळे मणी मोजून झाकणाच्या काचेच्या बाटलीत, जुना दोरा आणि गोंडा फेकू नका, तोही पिशवीत, कारण पटवेकऱ्याला लांबी आणि गाठीची पद्धत त्यावरूनच कळते. आईच्या लग्नातला वगैरे ठुशी घातलेला फोटो असेल तर मोबाईलमध्ये ठेवा. भारतात आलात की पहिल्याच आठवड्यात गाठायला टाका, निघायच्या आदल्या दिवशी नाही, सणासुदीला या लोकांकडे खूप काम असतं. रेशमाचा दोरा मऊ बसतो, पॉलिस्टरचा जास्त टिकतो, रोज घालणार असाल तर पॉलिस्टर घ्या आणि नुसती सणाला घालणार असाल तर रेशीम.

ठेवण्याचं म्हणाल तर प्रत्येक दागिना वेगळा. बिनखळीच्या, धुतलेल्या सुती मलमलीत गुंडाळून मग डब्यात. सोनारांकडचा गुलाबी कागद दिसायला छान पण ओल लागली की रंग सोडतो, मोत्यांना तर तो लागूच देऊ नका. चिकट होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि जुने मखमली डबे ज्यांचा गोंद सुटलाय ते बाद करा. मोती हवाबंद पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवू नका, फार कोरडेपणानं ते तडकतात, पण चांदीला सिलिका जेल चालतं. प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी घाला, दागिना कुणाचा, साधारण कधीचा, वजन किती, आत लाख आहे का, शेवटचं काम कधी आणि कुठे केलं. चिठ्ठी पेन्सिलनी लिहा, शाई पसरते.